ओढ्याला एवढे पाणी आले कुठून?



२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातील पुष्कळ लोक अजून विसरलेले नाहीत. त्या रात्री कात्रजच्या डोंगरावर काही तास मुसळधार पाऊस पडला. डोंगरावरचे पाणी कात्रजच्या तलावांकडून आंबिल ओढ्यात उतरले. हा ओढा पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल अशा दाट वस्तीतून वाहत जाऊन मुठा नदीला मिळतो. एरवी त्यात घोटाभर पाणीही नसते. त्या रात्री मात्र तो काठ सोडून घरांत शिरला. भिंती कोसळल्या, रिक्षा आणि मोटारी खेळण्यांसारख्या वाहून गेल्या. शहराबाहेर खेड-शिवापूर येथे दर्ग्यात झोपलेले लोकही पुरात वाहून गेले. पुणे शहरात आणि आसपास मिळून वीसपेक्षा अधिक माणसे त्या एका रात्रीत दगावली.

आमच्या शाळेतील आठवीची एक मुलगी त्यानंतर चार-पाच दिवस आली नाही. आली तेव्हा तिच्याजवळ दप्तर नव्हते. वह्या, पुस्तके, रेशनचे धान्य, आईचे शिवणयंत्र, सारे चिखलात गेले होते. मराठीच्या तासाला तिने मला विचारले, "सर, तो ओढा तर एवढासा आहे. आम्ही रोज उडी मारून पलीकडे जातो. मग एवढे पाणी आले कुठून?"

मी तिला म्हणालो, "बेटा, प्रश्न चांगला आहे. पण उत्तर एका वाक्यात देता येणार नाही."

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, तर ते कात्रजच्या डोंगरावरून अरबी समुद्रापर्यंत आणि तेथून साऱ्या पृथ्वीपर्यंत जाऊन पोहोचते. या पाठात आपण तोच प्रवास करू या.

पावसाचा हिशेब

"आज शंभर मिलिमीटर पाऊस झाला" असे आपण बातम्यांत ऐकतो. शंभर मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर, तुमच्या पट्टीचा तिसरा हिस्सा. ऐकायला हे फार थोडे वाटते. पण जरा गणित करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात एका चौरस मीटरवर शंभर लिटर पाणी पडते. एक चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख चौरस मीटर असतात. तेव्हा एक चौरस किलोमीटर डोंगरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा कोटी लिटर पाणी झाले. आपल्या मोहल्ल्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना? असे दहा हजार टँकर एकाच वेळी एका लहानशा ओढ्यात रिकामे केले, तर काय होईल, याची कल्पना करा.

हे सारे पाणी ओढ्यात येत नाही. डोंगरावर झाडे आणि गवत असेल तर बरेच पाणी माती शोषून घेते आणि सावकाश सोडते. परंतु डोंगर उघडा पडला, त्यावर इमारती आणि सिमेंटचे रस्ते झाले, की पाणी मुरत नाही, ते धावत सुटते. खाली ओढ्याचे पात्रही भराव घालून आणि बांधकामे करून अरुंद केलेले असते. पाणी जास्त आणि वाट कमी, म्हणून पूर येतो. तिच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा पहिला भाग झाला. ही चूक आपल्या शहराची आहे आणि ती दुरुस्त करणेही शहराच्याच हातात आहे.

पण दुसरा भाग उरतोच. थोड्या तासांत एवढा पाऊस पडावा, असे पूर्वीही अधूनमधून होत असे. आता ते वरचेवर का होऊ लागले आहे?

मोसम आणि सिमला ऑफिस

'मौसम' हा शब्द तुम्ही घरी रोज वापरता. हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ ठरलेला काळ, हंगाम. जुन्या काळी अरब खलाशी ठरावीक महिन्यांत वाहणाऱ्या वाऱ्यांच्या भरवशावर आपली गलबते घेऊन आपल्या किनाऱ्यावर येत आणि वारे उलटले की परत जात. त्यांच्या या शब्दावरूनच 'मान्सून' हा शब्द तयार झाला. मराठीत आपण 'मोसमी वारे' म्हणतो. शब्द तोच, फक्त पोशाख वेगळा.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नैऋत्येकडून येणारे हे वारे आपल्या देशाच्या वर्षभराच्या पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस आणतात. शेती, धरणे, विहिरी, नळाचे पाणी, सारे त्यावर अवलंबून आहे.

या मोसमाचा अभ्यास करणारी मोठी कार्यालये आपल्या पुण्यातच आहेत. शिवाजीनगरला घड्याळाचा मनोरा असलेली एक जुनी दगडी इमारत आहे. पुणेकर तिला 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुण्यातल्या इमारतीला सिमल्याचे नाव कसे? भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. पुढे त्याचे मुख्यालय सिमल्याला होते आणि १९२८ साली ते पुण्याला आले. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण पुण्याचे कार्यालय राहिले आणि लोकांच्या तोंडचे नावही राहिले. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. ती १९६२ साली सुरू झाली. तेथे २००९ पासून हवामान बदलाच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि हवामानाची प्रचंड आकडेमोड करणारा महासंगणकही आहे.

दिवसाचे तापमान, पावसाची मोजणी, वाऱ्याची दिशा अशा साध्या नोंदी या खात्यातील कर्मचाऱ्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ रोजच्या रोज ठेवल्या. एका दिवसाच्या नोंदीला फार मोल नसते. पण शंभर वर्षांच्या नोंदी एकापुढे एक मांडल्या की त्या बोलू लागतात. त्या काय सांगतात?

या संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली भारतातील हवामान बदलाविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे एक अंशाने वाढले. साऱ्या जगाचा विचार केला, तर २०२४ हे नोंदींच्या काळातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंशाने जास्त होते. यालाच 'जागतिक तापमानवाढ' म्हणतात.

पृथ्वीची दुलई

तुम्ही म्हणाल, एक-दीड अंशाने काय बिघडते? सकाळ-दुपारच्या तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक पडतोच की! पण हा एका दिवसाचा फरक नाही, साऱ्या पृथ्वीची सरासरी आहे. माणसाच्या शरीराचे तापमान दीड अंशाने वाढले की आपण त्याला ताप आला म्हणतो आणि डॉक्टरकडे नेतो. पृथ्वीचेही तसेच समजा.

हा ताप कशामुळे आला? सूर्याची किरणे पृथ्वीवर पडतात आणि जमीन व समुद्र तापतात. तापलेली पृथ्वी ती उष्णता पुन्हा अवकाशात सोडते. परंतु हवेतील काही वायू तिच्यातील काही उष्णता अडवून ठेवतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ हे त्यांपैकी मुख्य. रोपे वाढवण्यासाठी काचेचे घर करतात, त्यात ऊब राहते. म्हणून या वायूंना 'हरितगृह वायू' असे नाव पडले. मला मात्र दुलईचे उदाहरण अधिक आवडते. थंडीच्या रात्री दुलई आपल्याला ऊब देते. तिच्यात काही शेगडी नसते. आपल्याच अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच.

ही दुलई ही अल्लाहची मोठी देणगी आहे. ती नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश झाले असते. ती असल्यामुळे ते सुमारे पंधरा अंश राहिले आणि पृथ्वीवर जीवन फुलले. तेव्हा दुलई असण्याची काळजी नाही, आपण तिच्यात नको तितका कापूस भरत चाललो आहोत, याची काळजी आहे.

जमिनीखाली दगडी कोळसा, खनिज तेल आणि वायू यांचे साठे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पती आणि सूक्ष्म जीव गाडले जाऊन ते तयार झाले. त्यात साठलेला कार्बन निसर्गाने जमिनीखाली कुलूप लावून ठेवला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून माणसाने हे कुलूप उघडले. वाफेची यंत्रे आली, आगगाड्या आल्या, वीजघरे, मोटारी, विमाने आली. या सर्वांसाठी कोळसा आणि तेल जाळले गेले, अजूनही जाळले जात आहे. सिमेंट तयार करतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. झाडे हा वायू शोषून घेतात, पण जंगले तोडली गेली. मिथेन वायू भातशेतीतून, गुराढोरांच्या रवंथातून आणि कुजणाऱ्या कचऱ्याच्या डोंगरांतून निघतो.

कारखान्यांच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. दक्षिण ध्रुवावरील बर्फात जुन्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. ते तपासून शास्त्रज्ञांनी आठ लाख वर्षांचा हिशेब लावला आहे. त्या साऱ्या काळात हे प्रमाण इतके कधीच नव्हते.

काही शंका

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कदाचित सूर्यच जास्त तापला असेल?" शंका रास्त आहे. पण १९७८ पासून कृत्रिम उपग्रह सूर्याची उष्णता मोजत आहेत. त्यात अशी वाढ दिसलेली नाही. शिवाय सूर्य जास्त तापला असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापली आहे आणि खूप उंचावरची हवा थंड झाली आहे. दुलई जाड केली की आत ऊब वाढते आणि बाहेर कमी ऊब जाते, तसेच हे आहे.

दुसऱ्याने विचारले, "म्हणजे ओझोनच्या थराला पडलेले भोक ना?" नाही. पुष्कळ जण या दोन गोष्टींची गल्लत करतात. ओझोनचा थर सूर्याच्या अपायकारक किरणांपासून आपले रक्षण करतो. शीतकपाटे वगैरेंमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांमुळे तो विरळ होऊ लागला होता. १९८७ साली मॉन्ट्रियल येथे देशोदेशींनी करार केला, ती रसायने हळूहळू बंद केली आणि आता तो थर सावरत आहे. हा प्रश्न निराळा आहे. पण त्यातून एक धडा मिळतो. माणसांनी मिळून ठरवले तर बिघडलेले सुधारता येते.

समुद्र तापला की पाऊस का बिघडतो?

आता पुन्हा आपल्या ओढ्याकडे वळू या. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. तापलेल्या पाण्याची वाफ जास्त होते. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. मोठ्या भांड्यात जास्त पाणी मावते आणि ते एकदम उपडे केले की जास्त पाणी सांडते. ढगांचे असेच झाले आहे.

पाषाणच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एका दिवसात अतिशय मोठा आणि दूरवर पसरलेला पाऊस पडण्याचे प्रसंग तिपटीने वाढले. त्यासाठी लागणारी जास्तीची वाफ तापलेल्या अरबी समुद्रावरून येत आहे. नवल असे की याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र काहीशी घटली. म्हणजे पाऊस शहाण्या पाहुण्यासारखा थोडा थोडा, वेळेवर येत नाही. आधी पुष्कळ दिवस वाट पाहायला लावतो आणि मग एकदम दार तोडून आत येतो. अशा पावसाचा शेतकऱ्याला उपयोग कमी आणि नुकसान जास्त. पाणी मुरत नाही, माती मात्र वाहून जाते.

मग आंबिल ओढ्याचा पूर तापमानवाढीमुळेच आला, असे म्हणावे का? तसे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. हे समजण्यासाठी लुडोचा फासा घ्या. त्यावर सहा आकड्याची एकच बाजू असते. कोणी लबाडी करून एक ठिपक्याची बाजू पुसली आणि तेथेही सहा ठिपके काढले, तर सहा जास्त वेळा पडू लागतील. एखाद्या वेळी पडलेला सहा जुन्या बाजूचा की नव्या बाजूचा, हे सांगणे कठीण. पण दिवसभर खेळले तर फासा बदलला आहे हे कोणाच्याही ध्यानात येईल. आपण हवामानाच्या फाशावर असेच जादा ठिपके काढले आहेत.

महाराष्ट्रावरील परिणाम

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने बरेच पाहिले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी दक्षिण मुंबईत कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच सुमारास चिपळूण पाण्याखाली गेले आणि रायगड जिल्ह्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा भुईसपाट झाल्या. कोकणातील आपल्या मच्छीमार बांधवांच्या होड्या आणि घरांची छपरे उडाली.

दुसरीकडे पाण्याचे हाल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये अवकाळी गारपिटीने द्राक्षे, डाळिंबे आणि उभा गहू झोडपून काढला. समुद्राची पातळीही वाढत आहे, कारण तापलेले पाणी प्रसरण पावते आणि हिमनद्या वितळतात. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दर वर्षी सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. चोवीस वर्षांत ही वाढ आठ सेंटिमीटरच्या आसपास होते.

यातील प्रत्येक घटनेला एकटी तापमानवाढ जबाबदार आहे असे नाही. दुष्काळ आणि पूर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीही होते. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या अजून लक्षात आहे. पण संकटांची धार वाढत चालली आहे आणि तिचा घाव सर्वांना सारखा बसत नाही. पक्क्या बंगल्यात राहणाऱ्याचे गाडीवर निभावते, ओढ्याकाठी राहणाऱ्याचा संसार जातो. थंड कार्यालयात बसणाऱ्याला उन्हाळा जाणवत नाही, पण मार्केट यार्डातील हमाल, रस्त्यावर डांबर टाकणारा मजूर आणि पत्र्याच्या घरात चूल पेटवणारी बाई यांचा जीव कासावीस होतो.

देशांचेही असेच आहे. आज अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो, भारतात सुमारे दोन टन. ज्यांनी दुलईत कापूस कमी भरला, त्यांनाच उकाडा जास्त सोसावा लागतो. हा न्यायाचाही प्रश्न आहे.

उपाय काय?

उपाय दोन प्रकारचे आहेत. एक, दुलईत आणखी कापूस भरणे थांबवणे. दोन, जो उकाडा आता टळणार नाही, त्याला तोंड देण्याची तयारी करणे. दोन्ही एकाच वेळी करावे लागतील.

पहिल्या उपायासाठी जगातील देश एकत्र आले आहेत. १९९२ साली रिओ येथे, १९९७ साली क्योटो येथे आणि २०१५ साली पॅरिस येथे करार झाले. तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवावी आणि शक्य तर दीड अंशावर रोखावी, असे पॅरिसमध्ये ठरले. २०७० पर्यंत हवेत निव्वळ भर घालणे शून्यावर आणू, असे भारताने २०२१ मध्ये जाहीर केले. करार कागदावर सोपे असतात, अंमलात आणणे अवघड असते, हेही खरे. म्हणून नागरिकांनी जागे राहावे लागते.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना तुम्ही पाहिल्या असतील. घरांच्या गच्चीवर सौर पाटे दिसू लागले आहेत. पुण्यात २०१९ पासून पीएमपीच्या विजेवरील बस धावू लागल्या आणि मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. मात्र एक गोष्ट विसरू नये. आपली बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते. विजेची बस तेव्हाच पुरी स्वच्छ, जेव्हा वीजही स्वच्छ होईल.

पुण्यातील कचरावेचक महिलांचे काम तर साऱ्या देशाने शिकण्यासारखे आहे. १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी आपली पंचायत उभारली आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरी जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेते. जो कागद, जो पत्रा पुन्हा वापरात येतो, तो नव्याने तयार करण्याचे इंधन वाचते. जो ओला कचरा खत होतो, तो कचरा डेपोवर कुजून मिथेन सोडत नाही. पुण्यातीलच डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने घरातील खरकट्यावर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र तयार केले. त्यासाठी २००६ साली तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शिळ्या पोळीतूनही चूल पेटू शकते, हे या संस्थेने दाखवून दिले.

दुसऱ्या उपायासाठी शहाणपण हवे आणि शिस्तही हवी. टेकड्या हिरव्या राहिल्या पाहिजेत. ओढ्याला त्याची जागा परत मिळाली पाहिजे आणि काठावरच्या कुटुंबांना हुसकून न देता चांगल्या जागी घरे मिळाली पाहिजेत. पावसाचा इशारा वस्तीतील शेवटच्या घरापर्यंत, त्यांना समजेल त्या भाषेत पोहोचला पाहिजे. मशिदीच्या आणि मंदिराच्या भोंग्यावरून असा इशारा दिला, तर किती जीव वाचतील! अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे एके काळचे दुष्काळी गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी चर खणले, बांध घातले, झाडे लावली, पाण्याचा हिशेब ठेवून पिके घेतली आणि गाव सावरले.

आपण काय करू शकतो?

एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे आपण मुले काय करणार, असे तुम्हांला वाटेल. पण लक्षात ठेवा, कापूस एकेक मूठ करूनच भरला गेला, आणि थांबवायचाही तसाच आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करा. जवळच्या कामासाठी वडिलांकडे स्कूटरचा हट्ट धरू नका. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. ते पुन्हा तसे झाले तर बिघडले कोठे? अन्न टाकू नका. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. मग नळ सोडून वुजू करणे कसे शोभेल? हातात रोप असेल आणि कयामत येत आहे असे दिसले, तरी ते रोप लावून टाकावे, अशा अर्थाची शिकवणही हदीसमध्ये आहे. आपल्या जवळच्या देहूच्या संत तुकारामांनी झाडांना आपले नातेवाईक मानले. धर्म वेगळे, वाटा वेगळ्या, पण झाडाविषयीचे मन एकच.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही शाळेच्या गच्चीवर एक साधे पर्जन्यमापक ठेवले. सरळ बाजूंची एक बाटली, वर तिच्याच कापलेल्या तोंडाचे नरसाळे आणि बाजूला चिकटवलेली पट्टी, एवढेच. पावसाळ्यात रोज सकाळी दोन विद्यार्थी आकडा वहीत लिहितात. पहिला आकडा तिनेच लिहिला. ज्या मुलीच्या साऱ्या वह्या पाण्यात गेल्या, तिच्या हातून पाण्याच्या हिशेबाची वही सुरू झाली.

ती वही अजून चालू आहे. पाऊस जोराचा असला की ओढ्याकाठी राहणारी मुले सकाळी आल्याबरोबर आधी गच्चीवर जातात, आकडा पाहतात आणि घरी निरोप पाठवतात. ओढ्याला पाणी कुठून येते, हे आता त्यांना ठाऊक आहे. ते का वाढते, हेही ठाऊक आहे. जाणणारा माणूस सावध होतो आणि सावध झालेला माणूस दुसऱ्याला जागे करतो.

तुमच्या शाळेच्या गच्चीवर अशी एक बाटली ठेवायला काय हरकत आहे?

शब्दार्थ

ओढा – नाला. वेधशाळा – रसदगाह. नोंद – इंदराज. सरासरी – औसत. दुलई – रजाई. वाफ – भाप. अवकाळी – बेमौसम. गारपीट – ज़ालाबारी. दुष्काळ – कहत. दरड कोसळणे – डोंगराचा भाग खाली येणे. छातीठोकपणे – पुऱ्या खात्रीने. जीव कासावीस होणे – फार बेचैन होणे. पर्जन्यमापक – पाऊस मोजण्याचे साधन.

स्वाध्याय

१. एक चौरस किलोमीटर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी जमा होईल?

२. 'सिमला ऑफिस' हे नाव पुण्यातील इमारतीला का पडले?

३. लेखकाने हवामानाची तुलना लुडोच्या फाशाशी का केली आहे? तुमच्या शब्दांत सांगा.

४. 'संकटाचा घाव सर्वांना सारखा बसत नाही.' या वाक्याचे तुमच्या परिसरातील एक उदाहरण लिहा.

५. मराठीत वापरले जाणारे, अरबी-फारसीतून आलेले आणखी पाच शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.